टेकडीचा फेरा: चढ जमलाय, आता उतार शिका

प्रश्न थोडक्यात असा: "मी ४४ वर्षांची, इंदूरची. गेली तीन वर्षं पिपलियापाल्याच्या रीजनल पार्कमध्ये सकाळी धावते. सपाटीवर १० किमीला ६५ मिनिटं लागतात. ऑगस्टमध्ये मैत्रिणींबरोबर खंडवा रोडकडच्या टेकडीचा साडेसहा किमीचा फेरा पहिल्यांदा केला. एकूण चढ २१० मीटर. गाडीवाटेने ४ किमी चढून माथ्यावर जायला ४० मिनिटं लागली आणि पाऊलवाटेने अडीच किमी उतरायला ३१. तिसऱ्या दिवशी जिना उतरता येईना, गुडघ्याच्या वाटीपाशीही दुखत होतं. घरचे म्हणतात, या वयात हे नको. माझा दम कमी पडतोय का? चढाची तयारी कशी करू? बूट बदलू का? डिसेंबरपर्यंत हा फेरा न थांबता, न दुखता धावता यायला हवा. माहेर साताऱ्याचं, पुढच्या वर्षी तिथल्या हिल हाफ मॅरेथॉनला जाता येईल का?"

ताई, तुम्ही विचारलंय दमाबद्दल आणि चढाबद्दल. पण तुमचेच आकडे वेगळं सांगतात. मी सतरा वर्षं या टेकड्यांवर धावते आहे आणि त्यातली दहा वर्षं रविवारी सकाळी नव्या मंडळींना घेऊन जाते. तुमच्यासारखा प्रश्न दर पावसाळ्यात येतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी माणूस चढाची काळजी करत असतो आणि मोडतो उतारावर.

जरा हिशेब करू. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटना शर्यतीची मेहनत मोजताना अंतरात दर १०० मीटर चढामागे १ किमी मिळवते. तुमचा चढाचा भाग ४ किमी आणि २१० मीटर, म्हणजे सपाटीवरच्या ६.१ किमीएवढा. तुमचा सपाटीचा वेग किलोमीटरला साडेसहा मिनिटं. गुणाकार केला तर ४० मिनिटं येतात, आणि तुम्हाला बरोबर ४० लागली. म्हणजे तुमचा दम जेवढा असायला हवा तेवढाच आहे. टेकडीने तुमच्याकडून एक मिनिटही जास्त घेतलं नाही.

आता उतार बघा. अडीच किमीला ३१ मिनिटं, म्हणजे किलोमीटरला बारा मिनिटांहून जास्त. हा सपाटीवर चालण्याचा वेग आहे. तुमच्या सपाटीच्या वेगाने इथे सोळा मिनिटं लागली असती, म्हणजे जादाची पंधरा मिनिटं सगळी या अडीच किमीत गेली. मांड्या तिथेच भरल्या, गुडघाही तिथेच दुखावला. तेव्हा चढाची वेगळी तयारी सध्या बाजूला ठेवा. येत्या तीन महिन्यांत तुम्हाला एकच गोष्ट शिकायची आहे: उतरणं.

आपल्या मराठी घरांत हे खरं तर लहानपणापासून ऐकलेलं असतं. हिरकणी रायगड चढून गेली हे कुणी लक्षात ठेवत नाही, ती तर रोजच चढत होती. ती रात्री कडा उतरली म्हणून त्या बुरुजाला तिचं नाव आहे. कठीण काम ते होतं.

उतारावर नेमकं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे सल्ले आपोआप पटतील. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत आखडत तुम्हाला वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना वजन धरून ठेवतो. विहिरीतून भरलेली बादली वर ओढणं आणि तीच बादली दोर हळूहळू सोडत खाली नेणं यात जो फरक, तोच इथे. दोर सोडताना दम लागत नाही, पण हात सोलतात. उतारावर श्वास शांत असतो, छातीची धडधड कमी होते, घड्याळातला नाडीचा आकडा खाली येतो आणि आपल्याला वाटतं की विश्रांती चालली आहे. त्याच वेळी स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक इजा होत असते. ती दुखते २४ ते ७२ तासांनी. म्हणून तुमचा दुसरा दिवस बरा गेला आणि तिसऱ्या दिवशी जिन्याने जागा दाखवली. जिना चढताना नव्हे, उतरताना दुखलं, हेही तुम्ही नेमकं लिहिलंय. तोच स्नायू, तेच काम.

यातली आनंदाची गोष्ट अशी की स्नायू हे फार लवकर शिकतात. एकदा उतारावरचा हलका डोस मिळाला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने तितकी इजा होत नाही. अगदी थोड्या उतारानेही हे संरक्षण मिळतं. म्हणजे लंगडत घरी येण्याएवढं करायची गरजच नाही. मी नव्या मंडळींना पहिल्या दिवशी मुद्दाम कमी उतरवते. काहींना ते आवडत नाही, पण तिसऱ्या दिवशी जिना उतरताना त्यांना कारण कळतं.

इटलीच्या मिनेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये डोंगरात धावणाऱ्यांना कललेल्या ट्रेडमिलवर पळवून शरीराची ऊर्जा मोजली. सर्वांत कमी ऊर्जा लागली ती साधारण २० टक्के उतारावर, म्हणजे १०० मीटरला २० मीटर खाली. तिथे सपाटीच्या जवळपास निम्म्या ऊर्जेत काम भागतं. त्याहून तीव्र उतार आला की खर्च पुन्हा वाढू लागतो, कारण शरीर पुढे नेण्यापेक्षा ब्रेक लावण्यात शक्ती जाते. ते लोक मुरलेले डोंगरी धावपटू होते. नवख्या माणसाचा ब्रेक त्याहून बऱ्याच सौम्य उतारावरच लागतो. तुमचा उतार सरासरी ८ टक्क्यांचा आहे, मधले काही तुकडे त्याहून बरेच तीव्र असणार.

गिर्यारोहकांनाही हे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. १८९२ मध्ये स्कॉटलंडच्या नेस्मिथने वेळेचा ठोकताळा दिला: तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. उताराचा त्यात उल्लेखच नव्हता. पुढे लँगमुइरने दुरुस्ती केली. सौम्य उतार असेल तर दर ३०० मीटरला १० मिनिटं वजा करा, आणि १२ अंशांहून तीव्र असेल तर तेवढीच मिळवा. सौम्य उतार वेळ देतो, तीव्र उतार वेळ खातो. एवढ्या एका वाक्यावर तुमचं पुढच्या सहा आठवड्यांचं काम उभं आहे.

ते काम असं: फेरा उलटा घाला.

तुम्ही गाडीवाटेने वर गेलात आणि पाऊलवाटेने उतरलात, कारण सगळे तसेच जातात. देवळाची प्रदक्षिणा आपण उजवी घालतो, टेकडीला तसं काही नसतं. आता पाऊलवाटेने वर जा आणि गाडीवाटेने खाली या. वर जाताना तीव्र भाग आला की सरळ चाला, हात मांडीवर दाबून, लांब टांगा न टाकता. चालण्यात कमीपणा अजिबात नाही. खड्या चढावर आपल्यासारख्यांच्या वेगाला धावण्यापेक्षा चालणं स्वस्त पडतं, आणि डोंगरातल्या मोठ्या शर्यतींत पहिले येणारेही असे चढ चालूनच चढतात. माझी खूण साधी आहे: सोबतच्या बाईशी एक पूर्ण वाक्य बोलता येईनासं झालं की चालायला लागायचं, परत बोलता येऊ लागलं की धावायचं.

मग माथ्यावर दोन मिनिटं थांबून गाडीवाटेचा ४ किमीचा उतार. त्याची सरासरी ५ टक्क्यांच्या जरा वर पडते. वाट रुंद, पाय कुठे टाकायचा याला पर्याय भरपूर. उतारावर धावायला शिकायची हीच जागा.

धावायचं कसं, ते आता सविस्तर सांगते, कारण "हळू उतरा" या सल्ल्यानेच बायकांचे गुडघे सर्वांत जास्त दुखतात असं माझं ठाम मत आहे. हळू उतरायचं म्हणून आपण मागे रेलतो. मागे रेललं की पाय शरीराच्या पुढे लांब पडतो, गुडघा सरळ राहतो, टाच खडीत रुतते आणि सगळा धक्का वाटीच्या मागे जातो. शिवाय घसरण्याची शक्यताही वाढते, कारण वजन पायावर नसून पायाच्या मागे असतं.

गेल्या जुलैत एक ताई माझ्या पुढे उतरत होत्या. मी मागून फक्त आवाज ऐकत होते. खर्र... खट्. खर्र... खट्. टाच आधी घासायची, मग पाय आपटायचा आणि प्रत्येक पावलाला दोन-चार खडे गडगडत त्यांच्याही पुढे जायचे. मी त्यांना एवढंच म्हटलं, "पावलं दुप्पट करा, वेग तोच ठेवा." पहिल्यांदा त्यांना ते विचित्र वाटलं, लहान मूल दुडदुडतं तसं. तीसेक पावलांत आवाज बदलला. टप टप टप टप, खडे जागच्या जागी. त्यांचे खांदे कानांपासून खाली आले ते मला मागून दिसलं. वेग वाढवायला मी सांगितलंच नव्हतं, तो आपसूक वाढला.

तर तुम्हीही कान वापरा. खर्र ऐकू आलं की तुम्ही ब्रेक लावताय. पावलं आखूड करा, संख्या वाढवा. गुडघा किंचित वाकलेला, पाऊल शरीराच्या खाली. अंग पुढे झुकवायचं ते कमरेतून नाही, घोट्यातून, अगदी थोडं, उताराला काटकोनात उभं राहिल्यासारखं. हात थोडे बाहेर आणि सैल. पदर सावरताना जसे आवळून घेतो तसे नकोत. टाच आधी की चवडा आधी यावर वाद घालत बसू नका. पावलं आखूड झाली की पाय जसा पडायला हवा तसा पडतो. आणि नजर पायाशी नाही, तीन-चार मीटर पुढे. पायाखालचा दगड तुम्ही तीन पावलांपूर्वी पाहिलेला असतो, त्याचं काय करायचं ते पायांना ठाऊक असतं. नजर खाली गेली की प्रत्येक दगड अचानक येतो.

आठवड्याची मांडणी सांगते. रीजनल पार्कमधलं धावणं सोडू नका, दोन दिवस तेच राहू द्या. पाया तिथेच पक्का होतो. मधला एक दिवस उताराच्या सरावाला द्या. शंभरेक मीटरचा मुरमाचा सौम्य उतार शोधा, सहा वेळा खाली धावा, दर वेळी चालत वर या. पहिल्या आठवड्यात चारच करा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आठपर्यंत जा, आणि मग संख्या न वाढवता थोडा जास्त तीव्र उतार घ्या. रविवारी टेकडी, पण दर रविवारी नाही. एका रविवारी टेकडी, पुढच्या रविवारी सपाटीवर सावकाश तासभर. सहा आठवडे उलटा फेरा. मग सातव्या आठवड्यात पहिल्यांदा सुलट, पाऊलवाट उतरताना अवघड तुकडे चालत. डिसेंबर यायला अजून बारा आठवडे आहेत, घाई करायचं कारण नाही.

यात घड्याळाचा किलोमीटरचा वेग बघू नका. सपाटीवर तो उपयोगी आहे, टेकडीवर तो खोटा बोलतो. एकूण वेळ आणि तिसऱ्या दिवसाचा जिना, एवढ्या दोनच नोंदी वहीत ठेवा. जिना उतरताना कठडा धरावा लागला का? लागला असेल तर पुढची टेकडी निम्मी करा.

घरी करायचा व्यायाम एकच सांगते, कारण पाच सांगितले तर एकही होत नाही. ओटल्याची किंवा जिन्याची एक पायरी घ्या. एका पायावर उभ्या राहून दुसऱ्या पायाची टाच समोर खालच्या फरशीला हलकेच टेकवा आणि परत वर या. खाली जायला तीन सेकंद मोजा, यायला एक. गुडघा आत वळता कामा नये, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. समोर आरसा ठेवा. प्रत्येक पायाला आठ वेळा, तीनदा, आठवड्यातून तीन दिवस. हा व्यायाम म्हणजे उताराची घरातली तालीम आहे. दात घासताना एका पायावर उभं राहायची सवय लावलीत तर घोट्याचाही अभ्यास होतो, त्याला वेगळा वेळ लागत नाही.

घोट्याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. धावायला लागल्याच्या दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये फेरा संपायला दोनशे मीटर असताना मी घड्याळाकडे पाहिलं आणि उजवा घोटा बाहेरच्या बाजूला मुरगळला. सूज आली, हाड शाबूत होतं. जिथे दाखवलं तिथे सहा आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली. मी ती काटेकोर पाळली, परत टेकडीवर गेले आणि महिन्याभरात तोच घोटा पुन्हा मुरगळला. विश्रांतीने सूज गेली होती, पण घोट्याला तोल सांभाळायचं कुणी शिकवलंच नव्हतं. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते, आणि तोलाचा सराव केला की ती कमी होते. हे मला आधी सांगितलं असतं तर एक हिवाळा वाचला असता. म्हणून तुम्हाला आधीच सांगते आहे.

मुरगळलं तर एक्स-रे हवा का, यासाठी डॉक्टर ओटावा नियम वापरतात, त्यातला आपल्याला वापरता येण्याजोगा भाग असा: पायावर भार देऊन चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा.

आता तुमचा गुडघा. मांडीत, दोन्ही बाजूंना सारखं, दाबल्यावर दुखतं आणि चार-पाच दिवसांत जातं ते स्नायूंचं दुखणं. त्याची भीती नको. वाटीच्या मागे किंवा भोवती, उतरताना आणि बराच वेळ मांडी घालून बसल्यावर दुखतं ते वाटीवरच्या भाराचं दुखणं. तुमचं वर्णन या दुसऱ्यात बसतं आणि सौम्य आहे. पावलं आखूड करणं आणि पायरीचा व्यायाम यांनीच ते बहुतेकदा शमतं. पण गुडघा सुजला, अडकला, मधेच सटकल्यासारखा झाला, किंवा दोन आठवड्यांनीही सपाटीवर चालताना दुखत राहिला, तर धावणं थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. घरच्यांना सांगा की ४४ हे वय आड येत नाही. माझ्या रविवारच्या मंडळींत साठी ओलांडलेल्या दोघीजणी आहेत आणि दोघी माझ्याहून सुंदर उतरतात, कारण त्यांनी शिकताना घाई केली नाही.

बूट. हो, बदला, पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आधी नाही. आधी तुमचा पाय कसा पडतो ते सुधारू द्या. आपल्याकडच्या वाटांना तळाला ४ मिमीच्या आसपास खाचा पुरतात. फार खोल खाचांचे बूट ओल्या मातीसाठी असतात, कडक मुरमावर ते पायाला टोचतात आणि लवकर झिजतात. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर नख पुढे आपटून काळं पडतं. दुकानात तिरप्या फळीवर किंवा रॅम्पवर उतरून बघा. आणि नाडीचं शेवटचं, वरचं जे जादा भोक असतं ते वापरा. दोन्ही बाजूंना छोटा फास करून नाडी त्यातून ओवली की टाच मागे घट्ट बसते आणि पाय पुढे सरकत नाही. तुमच्या जुन्या बुटांवर हे उद्याच करून बघा. कित्येकदा नव्या बुटांची गरजच संपते.

माळव्याची जमीन ओळखली पाहिजे, बुटांहून ते महत्त्वाचं. आपलं सगळं पठार बेसॉल्टचं. माथ्यावर काळा कातळ, उतारावर त्याचाच झिजून झालेला मुरूम, आणि पायथ्याला काळी माती. मुरूम पाणी पिऊन टाकतो, पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी धावता येतं. काळी माती तशी नाही. ती बुटाला भाकरीएवढी चिकटते आणि प्रत्येक पावलाला पाव किलो वजन उचलतोय असं वाटतं. तो भाग सुकेपर्यंत कडेच्या गवतावरून चाला. शेवाळलेला ओला कातळ कोणत्याच रबराला दाद देत नाही, तिथे बसून उतरलं तरी चालेल. दिवाळीनंतर उलटा त्रास: मुरूम कोरडा होऊन वरचे खडे छर्ऱ्यांसारखे सुटे होतात. अशा ठिकाणी वाटेच्या मधोमध न जाता कडेने, जिथे गवताची मुळं माती धरून असतात तिथून जा. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये साग पान गाळतो तेव्हा तळहाताहून दुप्पट मोठ्या पानांखाली दगड लपलेले असतात. त्या दिवसांत मी सागाच्या पट्ट्यातून चालतेच.

दुसरी जागा हवी असेल तर रालामंडल. समुद्रसपाटीपासून ७८२ मीटर, शहर साडेपाचशेच्या आसपास, माथ्यावर होळकरांची शिकारगाह. तिथला रुंद रस्ता उताराच्या सरावाला चांगला आहे. मात्र ते १९८९ पासून अभयारण्य आहे. प्रवेशाच्या वेळा आणि तिकीट गेटवर विचारून घ्या, आखलेली वाट सोडू नका, कानात गाणी नकोत. चितळांचा कळप समोर आला तर थांबा, ते जाऊ द्या, मग पुढे व्हा. तो त्यांचा रस्ता आहे. खजुराच्या बिया आणि चिक्कीचे कागद खिशात घालून परत आणा. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं आलं ते घरोघरच्या बायकांनी ओला-सुका कचरा वेगळा केला म्हणून, तीच शिस्त टेकडीवरही चालते.

या टेकड्यांत बिबट्याचा वावर आहे, म्हणून उजाडल्यावरच निघा. जूनमध्ये पावणेसहाला सूर्य येतो, जानेवारीत सात वाजून जातात. वेळ घड्याळाने नाही, उजेडाने ठरवा. दिसलाच तर धावणं त्या क्षणी थांबवा. पळणारं काही दिसलं की त्याच्या मागे लागणं हा त्याचा स्वभाव आहे. वाकू नका, बसू नका, त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहा, आवाज करा आणि पाठ न दाखवता सावकाश मागे या. सापांसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गुडघ्याएवढ्या गवतात शिरू नका. चावलाच तर चिरा देणं, दोरी आवळणं, चोखणं यातलं काहीही नको. पाय न हलवता, चालू न देता, १०८ ला फोन आणि थेट एमवाय (महाराजा यशवंतराव) हॉस्पिटल. कमीत कमी तिघी मिळून जा, शिट्टी जवळ ठेवा आणि घरी वाट कोणती ते सांगून निघा.

पाणी आणि खाणं याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तास-सव्वा तासाच्या फेऱ्याला अर्धा लिटर पाणी पुरतं, तहान लागेल तसं घोट घोट. निघण्याआधी दोन खजूर किंवा अर्धा राजगिऱ्याचा लाडू. परतल्यावर पोहे खाच, पण त्याबरोबर मोड आलेली मटकी किंवा वाटीभर दही घ्या, स्नायूंना दुरुस्तीला प्रथिनं लागतात.

तुम्ही शेवटी विचारलंय की पुढच्या वर्षी साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला जाता येईल का. माहेर साताऱ्याचं, म्हणून ओढ आहे हे समजतं. ती रस्त्यावरची शर्यत आहे, पायाखाली डांबर असतं, पण यवतेश्वरच्या घाटाने आधी वर जायचं आणि मग तोच घाट उतरत परत यायचं. म्हणजे थकलेल्या मांड्यांवर सर्वांत मोठा उतार शेवटी. घाट चढून हसत वर पोचलेली माणसं उतारावर पंधराव्या-सोळाव्या किलोमीटरला कडेला थांबून मांड्या चोळताना मी पाहिली आहेत. तुम्ही डिसेंबरात सुलट फेरा धावलात आणि तिसऱ्या दिवशी कठडा न धरता जिना उतरलात, तर जानेवारीपासून त्याच फेऱ्याचे दोन, आणि मार्चपर्यंत तीन करता येतील. तेव्हा पुन्हा लिहा, आपण साताऱ्याचं बघू.

या रविवारी मात्र फक्त चार उतार, शंभर मीटरचे, मुरमावर. आणि कान खडीकडे.